शेवटाचा कोपरा

वर्गाच्या चार कोपऱ्यांना मी नावं दिली होती. फळ्याच्या डावीकडचा कोपरा ‘कोण’, उजवीकडचा ‘कुठे’, मागच्या खिडकीजवळचा ‘अडचण’ आणि दारालगतचा ‘शेवट’. तिसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवली की एकाने उठायचं आणि चारी कोपरे फिरत ती सांगायची. पहिल्या कोपऱ्यात गोष्टीतली माणसं किंवा प्राणी, दुसऱ्यात गाव, जंगल, नदी जे असेल ते, तिसऱ्यात काय बिघडलं ते, आणि मग दाराशी जाऊन शेवट. डी.एड.ला मला हे कोणी शिकवलं नव्हतं. पण मुलं एका जागी बसून कंटाळतात हे कळायला पदविका लागत नाही, आणि मी स्वतःही बसून कंटाळणाऱ्यांपैकीच होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीला राहायचे आणि शाळा ठाण्याला, खाडीच्या जवळ. ओहोटीला खिडकीतून चिखलाचा वास यायचा. पहिल्या आठवड्यात मी नाकाला रुमाल लावला, तर पुढच्या बाकावरची पोरं तोंड दाबून हसली. रुमाल पर्समध्ये गेला तो गेलाच. वर्गात निम्मी मुलं कोळीवाड्यातली आणि बाकीची मागच्या चाळींमधली. चाळीतल्या बौद्ध घरांतले आईवडील अभ्यासाच्या बाबतीत इतके कडक, की एखाद्या दिवशी गृहपाठ दिला नाही तर संध्याकाळी फाटकापाशी मलाच जाब विचारायचे. मला ते आवडायचं. घरी जाऊन नवऱ्याला सांगायचेसुद्धा, आज मला ओरडा बसला म्हणून.

खिडकीपासून फळ्यापर्यंत मी एक सुतळी बांधली होती. रोजचे नवे शब्द कागदाच्या पट्ट्यांवर लिहून कपड्यांच्या चिमट्यांनी तिला लावायचे, पुस्तकातल्या शब्दाशेजारी मुलांच्या घरचा शब्द. ‘मासळी’शेजारी ‘म्हावरं’ आलं. ‘नावाडी’शेजारी ‘नाखवा’ लावायला गेले तेव्हा कोळीवाड्यातली पोरं उठून उभीच राहिली. नावाडी माणसांना नदीपार सोडतो, नाखव्याची स्वतःची बोट असते, दोघं एक कसे? अर्धा तास भांडण चाललं आणि शेवटी दोन्ही शब्द दूर दूर लटकले. शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या. त्यांच्या मते माझा वर्ग म्हणजे बाजार होता.

मी त्या शाळेत तात्पुरती होते. आधीच्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या, त्यांच्या जागी वर्षभरासाठी मला घेतलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी दिवाळीनंतरच सांगून ठेवलं होतं, “तपासणीचा शेरा चांगला आला की संस्था तुम्हाला कायम करेल. शेरा वाईट आला तर माझ्या हातात काही नाही.” मला ती नोकरी हवी होती. नुसती नोकरी नाही, तीच शाळा, तेच कोपरे आणि तीच सुतळी हवी होती.

वर्गात सगळ्यात छान वाचणारी मुलगी कोळीवाड्यातली होती. बारीक चणीची, मोठ्या आवाजाची. खाडीतली मासळी कमी झाल्यामुळे तिचे वडील नातेवाइकांच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचे आणि आठ-आठ दिवस समुद्रावर असायचे. ती कोपरे फिरायला लागली की वर्ग गप्प व्हायचा. अपवाद फक्त चाळीतल्या एका मुलाचा. त्याच्या पोटात शेवट कधी टिकायचाच नाही. दुसरा कोणी ‘अडचण’पाशी असतानाच हा जागेवरून शेवट ओरडून मोकळा व्हायचा. त्याच्यासाठी मी किती घसा कोरडा केला असेल!

पुस्तकात एका हावरट नावाड्याचा धडा होता. जास्त पैशांच्या लोभाने तो नावेत माणसं आणि पोती कोंबतो, मधोमध पाणी आत येतं आणि नाव बुडते. त्या दिवशी ती मुलगी नेहमीसारखी उठली. नावाडी सांगितला, नदी सांगितली, ‘अडचण’पाशी तर पोती दिसतील इतकं छान सांगितलं. आणि तिथेच थांबली. दाराकडे जाईना. मी म्हटलं, “अगं, पुढे?” ती खाली बघत उभी. माझा राग नाकावर असायचा. मी आवाज चढवणार, तेवढ्यात तिच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, “बाई, तिचा बाबा दर्यान गेलाय. होरी दर्यान असली का तसा बोलाचा नाय.”

कोळीवाड्यातली बाकीची पोरं माना डोलावत होती. त्यांच्या घरी बुडण्याचा शब्द काढायचाच नाही, घरातलं माणूस काठाला लागेपर्यंत. मला असल्या गोष्टी पटत नाहीत. मांजर आडवं गेलं तर मी मुद्दाम पुढे जाणारी बाई. पण आठ वर्षांच्या मुलीला तिथे उभं करून माझी हुशारी दाखवणं मला जिवावर आलं. मी म्हटलं, “बस. शेवट नंतर सांग.” आणि तपासणीसाठी ससा आणि विहिरीची एक गोष्ट बसवायला घेतली.

तपासणीचे साहेब आले ते पांढऱ्या सफारीत, हातात पुस्तक घेऊनच. माणूस वाईट नव्हता. मुलांशी हसून बोलला, सुतळीवरचे शब्द वाचले, कोपऱ्यांची कल्पना ऐकून “वा” म्हणाला. मी सशाची गोष्ट सुचवली. त्यांनी नको म्हणत पुस्तक मधूनच उघडलं. नावाड्याचा धडा निघाला. मग वर्गावर नजर फिरवून त्यांनी नेमकं तिच्याकडे बोट केलं. चार दिवसांपूर्वी बोटीवर गेलेले तिचे वडील अजून परतले नव्हते.

ती ‘कोण’ फिरली, ‘कुठे’ फिरली, ‘अडचण’पाशी आली आणि थांबली. साहेब म्हणाले, “छान. मग काय झालं?” तिने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तर तिने सांगितलं असतं. माझ्यासाठी सांगितलं असतं, हे मला त्या नजरेत दिसलं. मी मान हलवली नाही. मी साहेबांना म्हटलं, “सर, तिचे वडील समुद्रावर आहेत. ती आज शेवट सांगणार नाही.”

“बाई, शाळेत अंधश्रद्धा?”

“माझा विश्वास नाही, सर. पण आज तिने म्हटलं आणि उद्या बोट यायला उशीर झाला, तर ती रात्रभर स्वतःला दोष देईल. तिची समजूत कोण काढणार?”

साहेब वर्गाकडे वळून म्हणाले, “बरं, दुसरं कोणीतरी सांगा.” आणि नेमका तो चाळीतला मुलगा उठवला, ज्याच्या पोटात शेवट टिकत नसे. त्याच्या घरातलं कोणी कधी बोटीवर गेलं नव्हतं. तो उभा राहिला, तिच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हणाला, “सर, मला आठवत नाय.”

साहेबांनी आणखी तिघाचौघांना विचारलं. वर्गातल्या एकालाही आठवेना. ज्या वर्गाला शेजारच्या बाई बाजार म्हणायच्या, तो तोंड मिटून बसला होता. मला रडू येत होतं आणि अभिमानाने ऊर भरून आला होता. दोन्ही लपवण्यासाठी मी डस्टर घेऊन कोरा फळा पुसत राहिले.

शेरा तीनच दिवसांत आला. वर्गाला गोष्ट शेवटपर्यंत सांगता येत नाही, असा. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या, थकल्या होत्या. “एवढं एक वाक्य. बोलली असती तर काय बिघडलं असतं?” मी म्हटलं, “काहीच नाही.” ते खरंच होतं. जागा गेली. एप्रिलपर्यंत शिकवायचं आणि मग निघायचं असं ठरलं. मुलांना काही सांगायचं नाही, एवढं मी मागून घेतलं. पुढे डोंबिवलीतच एका शाळेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कोपऱ्यांना नावं तिथेही दिली, पण पहिला वर्ग तो पहिला वर्ग.

मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, हजेरी झाली, तरी ती मुलगी आलेली नव्हती. मी शिकवायला सुरुवात केली, पण लक्ष दाराकडे होतं. मग पळत येणारी पावलं ऐकू आली. ती दारात उभी राहिली, धापा टाकत, वेणी अर्धी सुटलेली. आत येऊ का विचारलं नाही, दप्तर उतरवलं नाही, जागेवर गेली नाही. दारालगतच्या कोपऱ्यात गेली, भिंतीला पाठ टेकली आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आणि बाई, ती नाव बुडाली!”

म्हणजे तिचे वडील काठाला लागले होते. मग वर्गाने जो गलका केला! बाकं वाजली, पोरं बाकांवर चढली, तिच्या मैत्रिणीने तिला मिठी मारली. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत. त्या गोंधळात तो चाळीतला मुलगा माझ्यापाशी आला आणि पदर ओढून म्हणाला, “बाई, आता बोलवा ना त्या साहेबांना! आता सगळ्यांना आठवतंय.”

मी म्हटलं, “हो रे, बोलवू.”