भेगाळलेला डबा

रेणापुरात आमच्या घराचा पाया आणि संडासाचा शोषखड्डा ज्या मिस्त्रींनी केला, ते काळ्या मातीचं नाव निघालं तरी चिडायचे. "पावसात फुगती, उन्हात फाटती. हिच्यावर भिंत टिकत न्हाई, सर. मुरूम लागेस्तोवर सगळी काढा." तरी संध्याकाळी घरी जाताना तीच माती पिशवीभर न्यायचे.

एकदा त्यांच्या गच्चीवर गेलो. पत्र्याच्या एका डब्यात मोगरा होता, हिरवागार. शेजारच्या डब्यात नुसतीच माती, वाळून भेगाळलेली.

"यात काही लावलं नाही?"

"न्हाई."

"मग पाणी तरी घाला, मिस्त्री."

"नको, सर." त्यांनी भेगेत अलगद बोट घातलं. "आमचं रान तलावाखाली गेलं. तिथं आता कधीच भेग पडायची न्हाई."