दुरुस्तीचा रकाना

किसन जाधव यांचे गेल्या महिन्यात आर्णी येथे राहत्या घरी निधन झाले. वेळ सकाळी साडेसातची, वय एकाहत्तर, कारण हृदयविकाराचा झटका. डॉक्टरांचे प्रमाणपत्र मी स्वतः पाहिले. न पाहता कारण लिहिलेले त्यांना चालले नसते. फोन आला तेव्हा मी आमच्या दैनिकाच्या यवतमाळच्या कार्यालयात होतो. आधी सुचले ते एवढेच, की त्यांचे एक काम माझ्याकडे राहिले आहे…

किसनभाऊ आर्णीच्या वाचनालयात पुस्तके देण्या-घेण्याचे काम करत. राहायचे गावात, शेत तांड्यावर. रहस्यकथा आली की तिचे शेवटचे प्रकरण ते टाचण्या लावून बंद करत. वाचकाने खुनी कोण हे चिठ्ठीवर लिहून द्यायचे, मगच टाचण्या निघत. एक गुरुजी चिडले, "पुस्तकाले कुलूप कायले लावता?" किसनभाऊ म्हणाले, "अंदाज लिहा गुरुजी, किल्ली देतो." रहस्यकथांवर त्यांचा एक राग मात्र कायम होता. गुप्तहेराला सिगारेटची राख दिसते, पण मेलेल्याची बैलजोडी कोण सोडते, हे कोणी विचारत नाही.

विज्ञानाच्या पुस्तकांत ते 'अजून माहीत नाही' हे शब्द मोजत. ताऱ्यांवरच्या एका पुस्तकात अकरा वेळा सापडले. ते त्यांनी तिघांना आग्रहाने वाचायला लावले. जिथे एकदाही सापडत नाहीत ते पुस्तक म्हणजे बियाण्याची जाहिरात, असे म्हणत. सगळी मते एका लांब वहीत असत. रकाने तीन: पुस्तक, मत, दुरुस्ती. नव्या कापसाला अळी लागत नाही, असे एका पुस्तकात होते. त्यापुढे आधी 'पटलं' आहे. काही वर्षांनी दुरुस्तीत लिहिले आहे, 'आपल्याच बोंडात अळी निघाली. मत मागे.'

त्याच वर्षांतली गोष्ट. कापूस पट्ट्यातून रोज मृत्यूची बातमी येई आणि कारण आम्हाला आधीच ठाऊक असे. तांड्यावरचा एक फवारणी करणारा मजूर शेतात मेलेला सापडला. जवळ कीटकनाशकाची बाटली होती. मी फोनवर माहिती घेतली आणि आत्महत्या लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी किसनभाऊ पहिल्या एसटीने कार्यालयात आले. अंक टेबलावर ठेवला.

"तुह्या बातमीत मुडदाही पहिल्याच ओळीत, अन् मारणाराही पहिल्याच ओळीत. मंग माणसानं वाचाचं कायले?"

"पोलिसांनीच सांगितलं, भाऊ."

"पाठीवर पंप बांधून कोणी जीव द्यायले जाते काय बे? पट्टे अंगावर होते त्याच्या. तोंडाले फडकं होतं. फवारून राह्यला होता तो."

त्यांच्यासोबत तांड्यावर गेलो. मृताच्या भावाने पट्टे कसे सोडले ते दाखवले. पंप अर्धा भरलेला होता. मृताची बायको दारात बसली होती. येणारी प्रत्येक बाई तिला एकच विचारत होती, घरात असे काय झाले होते म्हणून. ती मला म्हणाली, "भाऊ, आमचं भांडण नव्हतं. हे कुठं छापून येते काय?"

मी हो म्हणालो. संध्याकाळी दुरुस्ती लिहून दिली. जागा नव्हती. आठवड्याने बातमी जुनी झाली. मग मी विचारणे सोडले. किसनभाऊंनी सोडले नाही. पुढे सहा वर्षे, भेटलो की आधी तेच: "आलं काय?" शेवटची भेट बसस्थानकावर झाली. एसटी सुटत होती. ते खिडकीखाली उभे होते. तेव्हाही तेच विचारले… मी घड्याळ पाहिले.

तेराव्या दिवशी त्यांच्या मुलीने वही दाखवली. पुस्तकांच्या यादीत एका ओळीत माझी बातमी आहे. मत: 'शेवट आधी वाचून लिहिली.' पुढचा रकाना कोरा आहे.

मी तांड्यावर पुन्हा गेलो. भावाचे म्हणणे या वेळी सहीनिशी घेतले. मृताची बायको तिथेच राहते.

दुरुस्ती आजच्या अंकात, पान दोनवर आहे.