साहेबांच्या मनासारखा सूर

फ्राउके टाल्समा या बाईला आपण नीटसं ओळखतच नव्हतो, हे मेंडर्टला फार उशिरा उमगलं. बावीस वर्षं दर वसंतात ती नेदरलंड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या त्याच्या गावी चर्चचा ऑर्गन जुळवायला यायची. ती नळ्यांच्या गर्दीत शिरायची आणि चर्चचा राखणदार मेंडर्ट बाहेर बसून ती सांगेल ती पट्टी दाबून धरायचा. तिच्या घरी कोण असतं, एवढंही विचारायचा त्याला धीर झाला नाही.

कामाची रीत मात्र पाठ होती. दोन नळ्यांचे सूर जवळ आले की आवाज हेलकावे खायचा, वाँव, वाँव. आणखी जवळ आले की हेलकावा संथ व्हायचा, जुळले की थांबायचा. नळ्यांच्या एका जोडरांगेत मात्र ती मुद्दाम किंचित फरक ठेवायची. तो थरथरता सूर गावाला फार प्रिय.

त्या वर्षी चर्चचे नवे अध्यक्ष हूकेमा फोनवरचा सूर मोजणारा काटा नाचवत वर ऑर्गनच्या माडीवर आले.

"बाई, ही रांग चुकलीय. काटा मध्यावर हवा. जमत नसेल तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघतो."

मेंडर्टने पट्टीवरचं बोट उचललं.

"करते की, साहेब," फ्राउके म्हणाली. "फक्त ऑर्गनच्या दारावर आतून तसं लिहून सही करा. जुळवणारे सगळेच तिथे लिहितात."

हूकेमांनी ऐटीत सही ठोकली आणि ते खाली गेले.

"अगं, हे काय चालवलंयस?" मेंडर्ट कुजबुजला.

"आज्ञापालन! शेजारच्या दोन नळ्या अगदी सारख्या झाल्या ना, की एक हवा ढकलते तेव्हा दुसरी ओढते. बसतात एकमेकींचा आवाज गिळत."

रविवारी प्रवचन संपलं, ते ऐकताना गावकरी चघळतात त्या पेपरमिंटच्या गोळ्याही विरघळल्या. वादकाने ती रांग उघडली आणि नुसतं फुस्स! काही सूर उमटले, काही गडप. अर्धं गाव एका पट्टीत गाऊ लागलं, अर्धं दुसऱ्या. स्पष्ट ऐकू आला तो एकट्या सौ. हूकेमांचा आवाज, आणि तो झाकलेलाच बरा होता.

मंगळवारी फ्राउकेला पुन्हा बोलावणं गेलं.

"होतं तसं करा," हूकेमा खालमानेने म्हणाले. "आणि पुढच्या वर्षीही तुम्हीच या."

"आणि काटा?"

"घरी ठेवलाय."

संध्याकाळपर्यंत हेलकावे परतले. पुढचा वसंत काही तिने पाहिला नाही, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक? तिने हत्यारांची पेटी गाडीत टाकली.

"मी यायच्या आदल्या दिवशी हीटर लावू नकोस हं. सूर चढतात."

"माझी बोटं आखडतात गं."

"मग हातमोजे घाल."

"बरं," मेंडर्ट म्हणाला.