फुटक्या पॅनलवरच्या कुरडया

जुने सोलर पॅनल चुरून आंबट पाण्यात घुसळायचे आणि त्या पाण्यात शिसं उतरतं का ते बघायचं, ही माझी पुण्यातली नोकरी. उन्हाळ्यात जवळा बाजारला, आमच्या गावी गेलो, तर आईनं अंगणात कुरडया घातलेल्या. खाली, गारपिटीत तडकलेला आमच्या सोलर पंपाचा पॅनल!

"यावर काहून घातल्या?" मी ओरडलोच.

"काचेला चिकटत न्हाईत, अन् तापते बी चांगली. मागच्या साली तुला डबा दिला, त्या बी ह्याच्यावरच्याच."

तीन दिवस आंबवलेल्या गव्हाचा चीक, आणि त्याच्याखाली त्या भेगा. माझीच चाचणी आमच्या अंगणात चालू होती. तो डबा तर प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी मिटक्या मारत संपवला होता.

"फेकून दे तो पॅनल," मी चिडून म्हणालो.

आईनं शांतपणे विचारलं, "कुठं फेकू? बांधावर, का विहिरीकडं?"

शेवटी पॅनल गोणपाटात गुंडाळून मी माझ्या खाटेखाली सारला. दोन वर्षं झाली. गावी गेलो की मी त्याच्यावरच झोपतो.