प्रभूचा जागल्या

जगाच्या अंताची एवढी जय्यत तयारी केलेला माणूस अख्ख्या अहमदपुरात दुसरा नसेल. आमच्या शेजारचे हे निवृत्त गुरुजी झोपायचे तेसुद्धा इस्त्रीच्या शर्टपँटीत. एकदा मी छेडलं, तर म्हणाले, "प्रभू कवा येईल, सांगता येतं का? आला तर लुंगीवर भेटू काय त्याला?" त्यावर आतून काकू म्हणाल्या, "रोज इस्त्री कोण करून राहिलं, ते बी बघंल म्हणावं प्रभू."

बायबलातली बुडालेली शहरं गुरुजींना तालुक्याच्या गावांइतकी ओळखीची. "निनवे गेलं, बाबेल गेलं, अहमदपूर कोण लागून गेलं?" असं ते एसटी स्टँडवर उभं राहून बजावत, आणि लोक हसत हसत गाडीत चढत. नळ कोरडा पडला की इशारा, मोंढ्यात कुणी धान्याचं माप मारलं की इशारा. लग्नाला गेले तर जेवताना नजर भिंतीवर. बेलशस्सर राजाच्या मेजवानीत भिंतीवर एक हात उमटला आणि राज्याचा निकाल लिहून गेला, तसा इथंही लिहील म्हणून. जिलबी मात्र मागून घेत. चर्चमध्ये उपदेश चालू असताना कुणाची मान कलंडली की गुरुजींचं कोपर त्याच्या बरगडीत बसलंच. मी नाताळला पाहुणा म्हणून गेलो होतो, तरी सुटलो नाही.

आम्ही चेष्टा करायचो, पण मला त्यांचा धाकही वाटायचा. आपण डोळा मिटला आणि गाव बुडालं तर देव जाब आपल्याला विचारील, असं त्या माणसाला मनापासून वाटायचं.

गेल्या वर्षी काकूंना लातूरच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. काकूंना भीती एकच, कुणी जवळ नसताना जीव जाईल याची. गुरुजींनी शब्द दिला, "मी हाय. डोळ्याला डोळा लागू देणार न्हाई." लेकीलाही त्यांनी पाळी घेऊ दिली नाही. मी भाकरी घेऊन जायचो तेव्हा त्यांचे डोळे लालभडक दिसायचे. मग एका भरदुपारी, खाटेशेजारच्या खुर्चीतच, त्यांना झोप लागली. जाग आली तेव्हा काकू गेल्या होत्या.

माती देऊन झाली तरी गुरुजी कबरीजवळून हलेनात. "साऱ्या गावाला न्याय सांगत फिरलो," ते म्हणाले, "अन् निकाल माझाच लागला." तेवढ्यात दवाखान्यातली सिस्टर पुढं आली. "मी तुम्हाला उठवायला आले होते, गुरुजी. काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, उठवू नकोस माय, लई दिवसांचे जागे हायेत." गुरुजी लहान लेकरासारखे रडले. मीही रडलो.

आता ते स्टँडवर जात नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा न राहवून म्हटलं, "गुरुजी, गावाला कुणीतरी बजावायला पाहिजे हो."

ते म्हणाले, "एवढी भ्यायची ती. तरी तिला माझी दया आली. देव तिच्यापरीस कठोर असंल, असं आता मला म्हणवत न्हाई."