तळं उपसून वसवलेलं गाव आणि मिलिंदचा डावा हात

आमच्या हुलसूर गावाहून जपानला कोणी सहज फिरायला जात नाही. मीही गेले नसते. माझा धाकटा भाऊ मिलिंद तिथं उत्तरेकडच्या एका गावात भातशेतीच्या कामाला आहे. अचानक त्याचे फोन थांबले. ‘बरा हाय, काम लई हाय’ एवढेच मेसेज. चेहरा दाखवायचा नाही. आईची घालमेल बघवेना. मी शाळेतून रजा टाकली आणि व्हिसा काढला.

हैदराबाद, दिल्ली, टोकियो, तिथून बुलेट ट्रेननं अकिता. या गाडीचं तिकीट विमानाइतकं महाग पडतं, आधीच काढून ठेवा. पुढं छोटी गाडी, मग बस. बस दिवसाला मोजक्याच. माझी एक चुकली आणि पावसात स्टेशनवर अडकले. तिथं भाताचे गोळे मिळतात. मासा नको असेल तर नुसत्या मिठाचा मागा.

मोठं तळं उपसून काढलेल्या जमिनीवर हे गाव वसलंय. बस बांध ओलांडून खाली उतरते तेव्हा कळतं, पलीकडचं पाणी शेतांपेक्षा उंच आहे. पंप सतत पाणी बाहेर फेकतात. रस्ता सरळसोट, दोन्हीकडं पिकलेला भात. त्या पावसात मला सगळं बुडणारच असं वाटत होतं.

पत्त्यावर शेताच्या मालकीणबाई भेटल्या. फोनवर भाषांतर करून मी सांगितलं, मिलिंदची बहीण. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी टाइप केलेलं मराठीत उमटलं: ‘अपघात झाला. माफ करा.’

मी टाइप करून विचारलं, जिवंत आहे ना?

“हाय, हाय!” त्या म्हणाल्या. जपानीत त्याचा अर्थ ‘हो’. माझ्या कानांनी मात्र आमच्या घरचंच ‘हाय’ ऐकलं. बाई मला शेडकडं घेऊन गेल्या.

मिलिंद शेडमध्ये पोती लावत होता. डाव्या हाताला पट्टी. भात भरडायच्या मशीनच्या पट्ट्यात सापडून दोन बोटं गेली होती.

“लपवलास कामून?”

“आई परत ये म्हणली असती, अक्का. मला यायचं न्हाई. आता ट्रॅक्टर शिकायलोय. तू सांगू नको तिला.”

“मी खोटं बोलणार न्हाई. तूच सांग.”

तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

मी परत हुलसूरला पोचले त्या दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं हात वर केला. आई ओरडली नाही.

“दुखायलंय का?”

“आता न्हाई.”

“मालकिणीला बोलव.”

बाई आल्या, कमरेत वाकल्या. आईनं हात जोडले नाहीत. “त्या मशीनला झाकण बसवलंय का, इचार.”

मिलिंदनं विचारलं. बाई फोन घेऊन शेडकडं निघाल्या.

तिकडचा भात, ते उंचावरचं पाणी लोकांना सांगते मी. पण खरं मनात राहिलंय ते आईचं फोनवर वाकणं. तिनं पट्ट्यावरचं नवं जाड झाकण नीट पाहिलं, बाईंना ते हलवून दाखवायला लावलं. मगच मिलिंदला म्हणाली, “जय भीम. ऱ्हा तिथं.”