कॉलममधून उतरलेलं लाल पाणी

कॉलमच्या खालच्या नळातून लाल पाणी यायला लागलं. यायला हवं होतं फिकट. शेजारी पुण्याच्या कंपनीच्या देशपांडे मॅडम उभ्या होत्या. ट्रायल बघून ऑर्डरचं काय ते सांगणार, आणि संध्याकाळच्या विमानाने परत जाणार.

"रंग उतर रहा है मैडम, नॉर्मल है," आमचे प्लांट मॅनेजर मिश्राजी म्हणाले.

नॉर्मल नव्हतं.

गंगेकाठच्या रामनगरला, आमच्या छोट्या फॅक्टरीत आम्ही ग्रीन टीच्या चुऱ्यातून पॉलीफिनॉल काढतो. चहाला तुरटपणा येतो तो यांच्यामुळे. औषधवाल्यांना ती शुद्ध हवी असतात. त्यासाठी कॉलम, म्हणजे स्टीलचं उभं नळकांडं, आणि त्यात रेझिन. साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे, आतून स्पंजासारखे. चहाचा अर्क वरून सोडला की पॉलीफिनॉल दाण्यांना चिकटतात. साखर, क्षार पाण्याबरोबर निघून जातात. मग अल्कोहोल सोडायचं. चिकटलेलं सुटतं आणि आपल्या हाती येतं.

हा कॉलम माझ्या आग्रहाने आला होता. ट्रायल फसली तर तो भंगारात आणि आम्ही पुन्हा कच्ची पावडर विकायला मोकळे, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मी व्हॉल्व्ह बंद केला. "मॅडम, हे बरोबर नाही. तुमचा माल पाण्याबरोबर वाहून चाललाय."

मराठीत बोलले, पण मिश्राजींना तेवढी कळते. "अरे! क्लायंट के सामने?"

"माल भी तो उन्हीं का है, सर."

"तो फिर आपका रेझिन ही बेकार है. हम पहले दिन से कह रहे हैं, किताब से फैक्टरी नहीं चलती."

हे मला नवीन नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा दुर्गाघाटावर पूजा सांगतात. एमएस्सी म्हणजे नेमकं काय, ते अजून मला विचारून घेतात. मी पाण्याकडे बघत राहिले. हा लाल मी रोज बघते. जेवण झालं की बाबा पान लावतात. पानावर आधी चुना, वर कात. दोन्ही एकमेकांत फिरले की मातकट कात लाल होतो. काताचा तुरटपणा आणि चहाचा तुरटपणा एकाच कुळातला. मग इथे चुन्याचं काम कोण करत होतं?

नळाखाली पीएचची पट्टी धरली. गर्द निळी झाली. म्हणजे अल्कली.

"सर, सकाळी कॉलमची धुलाई कुणी थांबवली?"

"हमने. पानी एकदम साफ आ रहा था. गंगाजी थोड़े ही बहानी हैं?"

रेझिन वापरून झालं की आम्ही ते कॉस्टिक सोड्याने धुतो. नंतर साधं पाणी सोडायचं, पट्टी न्यूट्रल दाखवेपर्यंत. कॉस्टिकला रंग नसतो, त्यामुळे पाणी आधीच स्वच्छ दिसायला लागतं. पण अल्कली मागे राहिलं की पॉलीफिनॉल दाण्यांना धरत नाहीत. लाल होऊन पाण्याबरोबर पळतात.

"रेझिन चांगलं आहे," मी मॅडमना सांगितलं. "धुणं अर्धवट राहिलं. उरलेल्या अर्कावर परत करून दाखवते."

"अर्धाच उरलाय. तोही गेला तर?"

"तर ऑर्डर देऊ नका."

मिश्राजींनी कपाळाला हात लावला.

रेझिनवर हलकं सायट्रिक ॲसिड फिरवलं, मग पाणी. पट्टी बरोबर रंगाला आली तेव्हाच अर्क सोडला. खाली फिकट पाणी आलं. त्यात फेरिक क्लोराईडचा थेंब टाकला. पॉलीफिनॉल सुटली असती तर पाणी शाईसारखं काळंनिळं झालं असतं. नाही झालं. सगळं आत, दाण्यांवर. मग अल्कोहोल सोडलं, आणि मधाच्या रंगाची धार आली.

मॅडमनी ग्लास उजेडात धरला. "हे कुठे शिकलात?"

"रेझिनचं युनिव्हर्सिटीत. लाल रंगाचं घरी."

ऑर्डर मिळाली. कॉलम तिथेच आहे. शेजारी आता दुसराही उभा आहे. धुलाई सुरू असली की मिश्राजी स्वतः नळाखाली पट्टी धरतात आणि लांबूनच मला ओरडून सांगतात, "मैडम, देख लीजिए, फिर मत कहिएगा!"

मी जाऊन बघते. दरवेळी. पाणी स्वच्छ आहे का, हे पाण्याला नाही, पट्टीला विचारायचं असतं.